जायफळाचा मक्ता आणि पारव्यांची रहदारी

तान्ह्या बाळाच्या गुटीत सहाणेवर दिलेले जायफळाचे दोन वेढे, पुरणात आणि श्रीखंडात वेलदोड्याच्या जोडीने पडणारी त्याची पूड, आणि सणासुदीच्या त्रयोदशगुणी विड्यातील जायपत्री, अशा रीतीने ज्या वस्तूशी मराठी माणसाचा जन्मापासून संबंध येतो, ती वस्तू अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ सर्वस्वी एका चिमुकल्या द्वीपसमूहातून जगभर जात असे. आपल्या प्राचीन वैद्यकग्रंथांत जातीफलाचा निर्देश आहे; म्हणजे युरोपीय दर्यावर्दी पूर्वसमुद्रात उतरण्याच्या कितीतरी शतके आधी हा माल जावा आणि गुजरातची बंदरे यांच्या वाटेने आपल्या पेठांत पोहोचत होता. या व्यापाराचा इतिहास बहुधा तोफांच्या आणि तहनाम्यांच्या आधारे सांगितला जातो, आणि त्यात ते दोन्ही विपुल आहे यात शंका नाही. परंतु ज्या झाडासाठी हे सारे घडले त्याचे फळ कशासाठी निर्माण झाले आहे आणि त्याचे बी कोण वाहून नेते, हा प्रश्न विचारल्यावाचून त्या मक्त्याचा उत्कर्ष आणि ऱ्हास यांपैकी कशाचाही पुरता उलगडा होत नाही, असे माझे मत आहे.

मोलुक्का बेटांच्या दक्षिण भागात, सेराम बेटाच्या खाली, बांदा नावाचा बेटांचा एक पुंजका आहे. लोंथोर, नैरा, आय, रुन ही त्यांतील प्रमुख बेटे. नैराच्या समोरच गुनुंग आपी हा जागृत ज्वालामुखी समुद्रातून सरळ वर आलेला आहे. ज्वालामुखीची सकस माती, बारमास ओलावा आणि दाट सावली या तिहींच्या योगाने तेथे जायफळाचे झाड जसे फोफावले तसे ते अन्यत्र क्वचितच फोफावले असेल. झाड मध्यम उंचीचे, पानांनी गच्च, सदाहरित. नर आणि मादी झाडे वेगळी. लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षे सहज लागतात. फळ पिकले की पिवळे होते आणि मधल्या रेषेवर आपोआप उकलून त्याची दोन शकले होतात. आत काळसर तपकिरी चकचकीत बी आणि त्या बीला जाळीसारखे वेढून बसलेली लालभडक जायपत्री. हिरव्यागार पानांच्या अंधारात हा लाल रंग दुरून उठून दिसतो, आणि तो तसा दिसावा यातच झाडाचा सारा हेतू आहे.

जायपत्रीत तैलांश भरपूर असल्याने पाखरांना ती पौष्टिक अन्न आहे. बी मात्र कठीण कवचाचे आणि त्यांच्या दृष्टीने निरुपयोगी. बांदा बेटांत हे फळ खाणारा मुख्य पक्षी म्हणजे रानपारव्यांची एक भव्य जात. शास्त्रज्ञ या गणाला ड्युक्युला म्हणतात आणि इंग्रजीत त्यातील एका जातीला जायफळाचा पारवा असेच नाव पडले आहे. या पारव्यांचा जबडा एवढा ताणला जातो की चोचीच्या मानाने अवाढव्य वाटणारे बी ते जायपत्रीसकट गिळू शकतात. दाणे टिपणाऱ्या कबुतराच्या पोटात बी भरडले जाते. या फलभक्षक पारव्यांच्या पोटात भरडण्याची ती क्रिया नाही. जायपत्री पचते आणि बी जसेच्या तसे बाहेर टाकले जाते. मधल्या अवधीत पारवा कदाचित शेजारच्या झाडावर गेलेला असतो, कदाचित दुसऱ्या बेटावर. कारण हे पक्षी थव्याने समुद्र ओलांडून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर चरावयास जाणारे आहेत. जायपत्री हे झाडाने या वाहतुकीसाठी दिलेले भाडे होय, आणि ज्या लाल पापुद्र्यासाठी पुढे साम्राज्ये एकमेकांशी झगडली, तो मुळात पाखरांच्या मजुरीपोटी निर्माण झालेला आहे.

या वाहतुकीची झाडाला गरज किती आहे, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. १९७० आणि १९७१ साली जँझेन आणि कॉनेल या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे असे प्रतिपादन केले की उष्ण कटिबंधातील अरण्यांत मातृवृक्षाच्या तळाशी पडलेले बी क्वचितच जगते. कारण त्या जातीवर जगणारे किडे आणि बुरश्या तेथेच दबा धरून असतात. पनामातील बारो कोलोराडो बेटावर जायफळाच्याच कुळातील एका झाडाचा अभ्यास झाला तेव्हा झाडाखाली पडलेली बहुतेक सर्व बीजे सोंड्या किड्यांच्या भक्ष्यस्थानी पडलेली आढळली, आणि टूकनसारख्या पक्ष्यांनी थोडे दूर नेऊन टाकलेल्या बियांना जगण्याची संधी कितीतरी पटींनी अधिक असल्याचे दिसून आले. एवढे मोठे बी वारा उडवू शकत नाही आणि लहान पाखरू गिळू शकत नाही. तेव्हा मोजक्या मोठ्या गळ्यांच्या पक्ष्यांवर अशा झाडाच्या संततीचे भवितव्य अवलंबून राहते, आणि जेथे हे पक्षी मुक्तपणे हिंडतात तेथे झाड कोणत्याही कुंपणात राहत नाही.

बांदाच्या जुन्या व्यापारात या गोष्टीची कोणाला अडचण नव्हती. बेटांवर राजा नव्हता. ओरांग काया म्हणून ओळखले जाणारे श्रीमंत मुखत्यार गावोगावचा कारभार पाहत आणि जावा, मलाया यांकडील व्यापाऱ्यांशी सौदे करीत. बेटांवर धान्य बेताचेच पिके, म्हणून साबुदाणा, तांदूळ आणि हिंदुस्थानातले कापड घेऊन जायफळ-जायपत्री द्यायची, असा हा विनिमय होता. १५११ साली पोर्तुगीजांनी मलाक्का जिंकले आणि पुढच्याच वर्षी अंतोनियु द अब्रेउ याच्या नेतृत्वाखाली त्यांची गलबते बांदाला पोहोचली. तथापि त्या बेटांवर कायमचा अंमल बसविणे त्यांना साधले नाही आणि ते इतर व्यापाऱ्यांसारखे एक गिऱ्हाईक होऊन राहिले.

वलंदेज, म्हणजे डच, आले ते वेगळ्या बुद्धीने. १५९९ साली त्यांची जहाजे प्रथम बांदाला लागली, १६०२ साली त्यांची संयुक्त ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली, आणि बेटांतील सर्व माल आपल्यालाच ठरल्या भावाने विकला जावा असे करारनामे कंपनीने ओरांग कायांकडून करून घेण्यास आरंभ केला. शतकानुशतके ज्याच्या त्याच्याशी व्यापार करीत आलेल्या लोकांना असा करार पाळणे अशक्य होते, कारण कंपनी धान्य पुरेसे आणीत नव्हती आणि जावाच्या व्यापाऱ्यांना तोंड फिरवायचे तर उपाशी राहावे लागले असते. १६०९ साली नैरावर किल्ला बांधण्याच्या प्रसंगी बांदावासीयांनी वलंदेजांचा सरदार फेरहुफ याला ठार मारले. इंग्रजांनी रुन बेटावर पाय रोवले. नॅथानिएल कोर्टहोप याने १६१६ पासून १६२० साली मारला जाईपर्यंत ते बेट वलंदेजांच्या वेढ्यात लढविले.

शेवटी १६२१ साली गव्हर्नर-जनरल यान पीटर्सझोन कून स्वतः आरमार घेऊन बांदावर चालून गेला. त्याच्या फौजेत जपानी भाडोत्री शिपाईही होते. ८ मे १६२१ रोजी नैरावर ४४ मुखत्यारांचा शिरच्छेद आणि त्यांच्या देहांचे तुकडे करण्यात आले. बेटांची मूळ वस्ती १५,००० च्या आसपास असावी असा अंदाज आहे. लढाई, उपासमार, रोगराई, हद्दपारी आणि पलायन यांतून तिच्यातील सुमारे १,००० माणसेच तेथे उरली. काही कुटुंबे होड्यांतून पूर्वेकडे सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या केइ बेटांवर पोहोचली, आणि बांदाची मूळ भाषा आज तेथेच, बांदा-एली आणि बांदा-एलात या गावांत, त्यांच्या वंशजांच्या तोंडी जिवंत आहे. या घटनेविषयी लिहिताना मसाल्याच्या व्यापाराची रम्य वर्णने बाजूला ठेवलीच पाहिजेत. एका संपूर्ण समाजाचा उच्छेद करून हा मक्ता उभा राहिला.

माणसे संपवल्यावर कंपनीने जमिनीची नवी मोजणी केली. जायफळाच्या बागांचे ६८ वाटे पाडून ते कंपनीच्या माजी नोकरांना व शिपायांना वहिवाटीस दिले. या वाट्यांना पर्क आणि त्यांच्या वहिवाटदारांना पर्केनिअर म्हणत. काम करायला गुलाम आणले गेले. सर्व माल कंपनीच्या वखारीत, कंपनीने ठरविलेल्या दराने भरायचा. रोप किंवा रुजण्याजोगे बी बेटाबाहेर नेणे हा गंभीर गुन्हा. आणि पाठवणीपूर्वी जायफळे चुन्याच्या निवळीतून काढायची, म्हणजे कीडही लागू नये आणि ती कोठे रुजूही नयेत. १६६७ च्या ब्रेडाच्या तहाने रुनवरचा इंग्रजांचा दावा संपला आणि त्याच्या बदल्यात अमेरिकेतील न्यू नेदरलँड, ज्यात मॅनहॅटन बेट येत होते, इंग्रजांकडे राहिले. रुनवरची जायफळे वलंदेजांनी त्यापूर्वीच तोडून टाकली होती. भाव पडू नये म्हणून माल नष्ट करण्यासही कंपनी मागेपुढे पाहत नसे. १७६० साली अॅमस्टरडॅममध्ये मसाल्याच्या राशी जाळण्यात आल्या.

या मक्त्याचे एक टोक आपल्या किनाऱ्यालाही टेकलेले होते. सतराव्या शतकात सुरतेप्रमाणेच वेंगुर्ल्यासही वलंदेजांची वखार होती. तिची पडकी वास्तू आजही तेथे उभी आहे आणि तिच्या दफ्तरातील पत्रव्यवहार शिवकालाच्या अभ्यासकांना उपयोगी पडला आहे. जायफळ, जायपत्री आणि लवंग हा वलंदेजांच्या हिंदुस्थानी व्यापारातील महत्त्वाचा विक्रीचा माल होता. पर्कमधल्या गुलामाने वेचलेले फळ आणि महाराष्ट्रातल्या सहाणेवरचा वेढा यांच्यामध्ये अशा रीतीने एकच कंपनी उभी होती आणि भाव तिच्या इच्छेवर होता.

कागदावर हा बंदोबस्त निर्दोष होता. प्रत्यक्षात त्यात एक छिद्र राहिले होते आणि ते बुजविण्याचा कोणताही उपाय कंपनीच्या हाती नव्हता. जायफळाला सावली हवी म्हणून पर्कमध्ये उंच कनारीची झाडे राखावी लागत, आणि कनारीची फळे हेही मोठ्या पारव्यांचे आवडते खाद्य. म्हणजे ज्या बागेत बंदोबस्त अत्यंत कडक होता तीच बाग पाखरांना सर्वांत अधिक ओढून घेणारी होती. पारवे फळ खाऊन उडत आणि आसपासच्या बेटांवर बी टाकीत. तेथे रोप उगवे, काही वर्षांत फळ धरी, आणि कंपनीच्या हुकुमाबाहेरचे एक झाड जगात उभे राही. मक्ता टिकवायचा तर अशी झाडे शोधून तोडणे आले. मोलुक्कात लवंग आणि जायफळ यांच्या उच्छेदासाठी कंपनीने मोहिमा काढल्या, तेथील सुलतानांशी तैनातीचे करार करून त्यांना झाडे तोडण्याबद्दल वर्षासन दिले, आणि बेटोबेटी माणसे पाठविली. ती माणसे परतेपर्यंत पाखरे पुन्हा पेरणी करून गेलेली असत. झाडांची यादी दफ्तरात लिहिता येते, परंतु थव्याच्या उड्डाणाला दस्तक लागत नाही.

या निसर्गव्यवहाराची व्यवस्थित नोंद ज्यांनी केली तेही वलंदेजांच्या सत्तेच्या छायेतच वावरले, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. अंबोनला कंपनीच्या नोकरीत असलेला गेऑर्ग एबरहार्ड रुंफियस १६७० साली आंधळा झाला, १६७४ च्या भूकंपात त्याची पत्नी आणि मुलगी दगावली, पुढे आगीत त्याची चित्रे जळाली. तरीही त्या प्रदेशाच्या वनस्पतींवरचा त्याचा महाग्रंथ पुरा झाला आणि त्याच्या मृत्यूनंतर, १७४१ पासून, प्रसिद्ध झाला. आल्फ्रेड रसेल वॉलेस याने १८५७, १८५९ आणि १८६१ अशा तीन वेळा बांदाला भेट दिली. जायपत्रीवर जगणारा तो देखणा पारवा आणि झाडीतून सतत येणारा त्याचा घुमणारा गंभीर आवाज यांची त्याने आपल्या १८६९ च्या प्रवासग्रंथात नोंद केली आणि हाच पक्षी केइ बेटांतही आढळतो हेही टिपले. १६२१ साली बांदाचे निर्वासित ज्या दिशेने वल्ही मारीत गेले तीच या पक्ष्याच्या वस्तीची दिशा होती. तोच वॉलेस या मक्त्याचे राजकीयदृष्ट्या समर्थनही करतो. जायफळ ही चैनीची वस्तू असल्याने तिच्यावरून सरकारने महसूल उभारला तर त्यात रयतेचे नुकसान नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. १६२१ ची किंमत ज्याने हिशेबात धरली त्याला तो मान्य होण्यासारखा नाही.

मक्ता मोडला तो अखेरीस माणसानेच बीजवाहकाचे काम पत्करल्यावर. पीएर प्वाव्र या फरासीस गृहस्थाने, ज्याचा एक हात इंग्रजांच्या तोफगोळ्याने गेला होता, आपल्या आयुष्याचा मोठा भाग वलंदेजांच्या हातून मसाल्याची रोपे सोडविण्यात घालविला. मॉरिशसचा कारभार त्याच्याकडे असताना त्याने पाठविलेली जहाजे १७७० साली लवंग आणि जायफळ यांची रोपे घेऊन परत आली. ती बांदाच्या पहाऱ्यातल्या पर्कमधून आणलेली नव्हती. वलंदेजांची पकड जेथे सैल होती त्या गेबे बेटाच्या परिसरातील लोकांकडून ती मिळविली होती. सर्व बेटांवरचे प्रत्येक झाड तोडणे कंपनीला साधले असते तर प्वाव्रच्या माणसांना रिकाम्या हातांनी परतावे लागले असते.

पुढची घडामोड भराभर झाली. १७९६ साली इंग्रजांनी बांदा घेतले, १८१० साली पुन्हा घेतले, आणि दोन्ही वेळी ते परत करण्यापूर्वी हजारो रोपे पेनांग, बेंकूलन आणि सिंहलद्वीप येथे रवाना केली. कंपनी स्वतः १७९९ च्या अखेरीस बरखास्त झाली होती. सिंगापुरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जायफळाच्या बागांचे वेड पसरले आणि रोगाने त्या बागा बसल्या. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनेडात मात्र ते १८४३ च्या सुमारास पोहोचून असे रुजले की १९७४ साली स्वतंत्र झालेल्या त्या देशाने आपल्या राष्ट्रध्वजावर जायफळाचे चित्र घातले. आपल्याकडे केरळ, गोमंतक आणि कोकण येथील सुपारी-नारळाच्या सावलीत, गोव्याच्या कुळागरांत आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बागांत ते स्थिरावले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा'सारखे वाणही त्याचे काढले. आज कोकणातला बागायतदार जायफळाचे रोप सहज विकत घेतो. सतराव्या शतकात हेच रोप बांदाबाहेर नेणारा मोठ्या शिक्षेस पात्र ठरला असता.

परंतु जायफळाचे कूळ आपल्या सह्याद्रीला परके नव्हते. कोकणपासून केरळपर्यंतच्या सदाहरित अरण्यांत रानजायफळाच्या अनेक जाती पुरातन काळापासून आहेत. त्यांतील एकीची पत्री रामपत्री या नावाने आपल्या मसाल्यांत पडते आणि मुंबई बंदरातून निर्यात होताना ती बांदाच्या अस्सल जायपत्रीत भेसळ म्हणून मिसळली जाई, त्यामुळे युरोपच्या पेठांत तिला मुंबईची जायपत्री असे नाव पडले. गोव्यातील सत्तरी तालुक्यात निरंकाराची राय म्हणून जी देवराई आहे तीत, आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे, रानजायफळांच्या दलदली देवाच्या धाकाने टिकून राहिल्या आहेत. या झाडांची फळेही बांदाच्या फळासारखीच उकलतात, त्यांच्या बियांवरही लाल पत्री असते, आणि ती वाहून नेण्याचे काम येथे मोठ्या रानपारव्यांबरोबर धनेश करतो, ज्याला कोकणात गरुड असेही म्हणतात. धनेशाची मादी विणीच्या काळात जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फळे आणून तिला भरवितो. कोसांच्या टापूतून गोळा केलेले बी अशा रीतीने अरण्यभर विखुरले जाते.

बांदाच्या इतिहासापासून आपण घ्यावयाचा बोध येथे आहे. कंपनीने झाडे मोजली, माणसे मारली, बी चुन्यातून काढले, तरी फळांची रहदारी तिला थांबविता आली नाही, कारण पारवे शिल्लक होते. आपण ती रहदारी थांबविण्याची कोणतीही प्रतिज्ञा केलेली नाही. तरीही जुने ढोलीचे वृक्ष तोडून, पक्ष्यांची शिकार करून, राईराईंमधला झाडोरा साफ करून रबर आणि काजू यांच्या सलग लागवडी उभारून, आणि रामपत्री पिकण्याआधीच ओरबाडून नेऊन, जे कंपनीला दोन शतकांत साधले नाही ते साधण्याच्या वाटेवर आपण आहो. अशा राईत झाडे उभी असतात, फळेही धरतात, पण बी मातृवृक्षाखालीच पडून किडीच्या तोंडी जाते; पाहणाऱ्याला अरण्य शाबूत दिसते आणि पुढची पिढी मात्र उगवत नाही. म्हणून वनखात्याच्या दफ्तरात वृक्षांच्या मोजदादीबरोबर धनेशांच्या ढोल्यांची आणि फळे वाहणाऱ्या पक्ष्यांची मोजदाद झाली पाहिजे, रामपत्रीच्या वेचणीला पिकल्या फळांची मर्यादा आणि पाखरांच्या वाट्याची तरतूद असली पाहिजे, आणि देवराईचे संरक्षण तिच्या बांधापाशी न संपता एका राईतून दुसऱ्या राईत पक्ष्याला जाता येईल अशा झाडोऱ्यापर्यंत पोहोचले पाहिजे. देवस्थानच्या मानकऱ्यांनी, ग्रामपंचायतींनी आणि सरकारने मिळून करण्याजोगे हे काम आहे, आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या या फळाचा सुगंध दरवळला त्यांनी ते अगत्याने हाती घ्यावे.